थांबा म्हटलं की नाचायचं

माझी किंकाळी त्यांनी टी-शर्टवर छापली. पिवळं कापड, लाल अक्षरं: थांबा! उद्गारचिन्हाखालच्या टिंबाच्या जागी तोल जाऊन पडणारी एक मुलगी. ती मुलगी म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. आणि हा शर्ट चिरंजीवांनी मला आमच्याच शाळेच्या ऑफिसात, आमच्याच खुर्चीवर बसून भेट दिला.

"मॅडम, तुम्हाला मीडियम बसेल ना?" म्हणे.

तळपायाची आग मस्तकात गेली. शर्ट घडी करून मी त्याच्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "फरशी पुसायला छान आहे. कापड चांगलं टिपेल." तर तो हसला! माझ्या रागाला लोक हसतात, हे माझं जुनं दुखणं आहे. बाईंचा स्वभावच तसा, म्हणतात, आणि मी काय बोलले ते बाजूलाच राहतं.

चिरंजीव कोण, ते सांगते. त्याला नाव आहे, भलंमोठं आहे, पोस्टरवर वडलांच्या नावासकट येतं. मी चिरंजीवच म्हणते. त्याच्या वडलांनी आमच्या शाळेवर सिनेमा काढला होता. नाच, गाणं, नाटक शिकणाऱ्या पोरांचा, गाण्यांनी भरलेला सिनेमा. लोक अजून त्याला 'जिन्याचा सिनेमा' म्हणतात, कारण त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं आमच्या शाळेच्या पुढच्या दगडी जिन्यावर घेतलं होतं. वडील गेले. आता चिरंजीव तोच सिनेमा नव्यानं काढायला निघाले होते. वडलांची गादी चालवायला.

पहिला सिनेमा झाला तेव्हा ताई आणि मी, दोघी इथेच शिकत होतो. मी बरी नाचायचे. ताई नाचायला लागली की बरी नाचणारी माणसं गप्प बसून बघायची. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, उलट बहीण म्हणून मला ते फार बोचायचं.

आमच्या शाळेत पहिल्या दिवशी नाच शिकवत नसत, एक शब्द शिकवत. थांबा. तेव्हाच्या मोठ्या बाई सांगायच्या, "ज्याला दुखलं त्यानं म्हणायचं, ज्याला दिसलं त्यानं म्हणायचं. आधी सगळ्यांनी थांबायचं. का म्हणालास ते नंतर विचारायचं." थांबा म्हटलं की तबकडी बंद, पाय बंद, खुद्द मोठ्या बाईसुद्धा बंद. कालच आलेलं पोरगंसुद्धा त्यांना थांबवू शकायचं. आम्ही त्या शब्दाच्या जिवावर उड्या मारायचो.

जिन्यावरचं गाणं त्यांनी तिथल्या तिथे, आमच्याच आवाजात घेतलं. खरी मुलं, खरा आवाज, असं मोठ्या दिग्दर्शकांचं, म्हणजे चिरंजीवांच्या वडलांचं, म्हणणं होतं. ताई वरून धावत आली, मधल्या सपाट पायरीवर उडी घेतली आणि पडली. गुडघ्याचा जो आवाज आला तो मी खाली उभी असून ऐकला. मी जीव खाऊन ओरडले, "थांबा!"

आणि आमची पोरं थांबली हो. सगळा जिना जागच्या जागी थांबला. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून मोठे दिग्दर्शक ओरडले, "चालू ठेवा! चालू ठेवा!" एवढा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर पोरं परत सुटली, उसळून नाचली. आणि ताई कठड्याला धरून एका पायावर उभी राहिली आणि हसली. कॅमेरा तोंडावर होता ना.

सिनेमात त्यांनी स्वतःचा आवाज कापला. माझा ठेवला. कारण तो नेमका ठेक्यावर पडला होता. फुटकं नशीब, दुसरं काय! आयुष्यभर माझा ठेका कधी असा अचूक पडला नाही.

मग काय, सिनेमा धो धो चालला. मुलगी पडली की थिएटरात अख्खं पब्लिक ओरडायचं, "थांबा!" क्षणभर गप्प राहायचं आणि मग खुर्च्यांवर चढून नाचायचं. शाळाशाळांतून स्नेहसंमेलनात लहान पोरी ठरवून पडायला लागल्या. लोकांना ती नाचाची एक तऱ्हा वाटली. माझ्या बहिणीच्या गुडघ्याची वाटी फुटली आणि लोकांनी त्याची स्टेप केली!

ताई परत नाचली नाही. तो पाय वाकत नाही. बसली की समोर लांब ठेवावा लागतो, येणाराजाणारा अडखळतो. मी शिकत राहिले आणि पुढे त्याच शाळेत शिकवायला लागले. पण शब्द गेला. वर्गात थांबा म्हटलं की पोरं खिदळत हात वर करायची आणि उसळायची. नवीन शब्द शोधायला लागला. बस्स म्हणून पाहिलं, तर निम्मा वर्ग खाली बसला. शेवटी एकदा एक मुलगी चक्कर येऊन पडली, मी घाबरून ओरडले, "पाणी!" आणि सगळे चटकन थांबले. तेव्हापासून माझ्या वर्गात पाणी म्हणजे थांबा. तहान लागली तर आमच्याकडे बाटली मागतात, पाणी मागत नाहीत.

ताईला मात्र त्या पडण्याचा राग नाही. निदान मला तरी तसंच वाटायचं. रस्त्यात कुणी ओळखलं आणि 'थांबा!' म्हणून ओरडलं की ती काठी काखेत धरून हात वर करते आणि हसते, तेच सिनेमातलं हसू. कुणी विचारलं, काय झालं होतं हो त्या दिवशी, तर म्हणते, "काही आठवत नाही. दिवे फार होते." मला मेलीचा इतका राग यायचा! तुझा पाय, तुझं नाचणं, आणि माझ्या एकटीच्या डोक्यात का म्हणून जळत राहायचं?

भावोजी गेल्यापासून ताई आणि तिची लेक माझ्याकडेच राहतात. लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो. नाव कशावरून पडलं ते सांगायला नको. घरात मी तिची मावशी, वर्गात बाई. एका दाराआड मावशीशी भांडून दुसऱ्या दारातून बाईंना नमस्कार करत आत येते, इतकी बिलंदर. आणि नाच तिच्या आईचा. तस्सा.

चिरंजीवांनी निवड चाचणी घेतली तेव्हा भिंगरी मला न सांगता गेली आणि निवडली गेली. पडणाऱ्या मुलीसाठीच!

"अजिबात नाही," मी म्हटलं. ताई स्वयंपाकघरात पाय पुढे करून बटाटे सोलत होती. भिंगरी ओट्यावर चढून बसली होती.

"मावशी, तू अजून ऐकूनसुद्धा घेतलं नाहीस."

"ऐकायचं काय त्यात? पडायचंय. तुझ्या आईनं पडून ठेवलंय ना सगळ्या घराच्या वाटचं!"

"आईला चालतंय."

मी ताईकडे वळले. "चालतंय तुला?"

ताईनं मान वर केली नाही. "तिला यायचंय ना पडद्यावर. येऊ दे की. माझ्यासारखं थोडंच होणारे? आता गाद्याबिद्या घालतात म्हणे."

"गाद्याबिद्या! त्या बापाचा पोरगा तो..."

"तू सगळ्यांवर ओरडतेस," भिंगरी म्हणाली. "म्हणून कुणी ऐकत नाही तुझं."

पोरीच्या जिभेला हाड नाही. पण ते लागलं, कारण खरं होतं. मी दाणदाण पाय आपटत बाहेर गेले आणि दुसऱ्या दिवशी चिरंजीवांपुढे एकच अट ठेवली. मधल्या सपाट पायरीवर जाड गादी हवी, तिच्यावर दगडासारखं कापड घाला नाहीतर सोनं मढवा, पण गादी हवी. गादी नाही तर पोरगी नाही, आणि तिच्यामागे नाचायला घेतलेली माझी पोरंही नाहीत. चिरंजीव छातीवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, सेफ्टी फर्स्ट. मी तुमच्या मुलासारखा आहे."

शूटिंगच्या दिवशी जिना ओळखू येत नव्हता. दिवे, तारा, छत्र्या, आणि पायऱ्यापायऱ्यांवर पिवळे शर्ट घातलेली पोरं. निम्मी आमची, निम्मी बाहेरून आणलेली. जिन्यासमोर ताईला मानाची खुर्ची दिली होती. ती नवं लुगडं नेसून, पाय पुढे ताणून बसली होती आणि जो तो येऊन तिच्या पायाला हात लावून जात होता. दुखऱ्याच पायाला, शहाणे! गादी होती. मी स्वतः तिच्यावर उडी मारून पाहिली. भिंगरी वरून ओरडली, "बाई, पुरे! लाज आणताय!"

मग चिरंजीव मला म्हणाले, आत ऑफिसात एक छोटी मुलाखत द्या, जुन्या आठवणी वगैरे. मी गेले. तिथे एक मुलगा माझ्या तोंडावर दिवा मारून विचारायला लागला, "थांबा हा आयकॉनिक शब्द तुम्हाला सुचला कसा?"

सुचला कसा! मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते चालू असतानाच बाहेर गाणं सुरू झालं. मला सांगितलं होतं, तुम्ही आल्याशिवाय सुरू करणार नाही. मी कॉलरला लावलेला माईक ओढून काढला आणि धावत बाहेर आले.

जिन्याची मधली पायरी उघडी होती. नुसता दगड. गादी भिंतीला टेकवून उभी केली होती, दिव्याच्या मागे, माझ्या नजरेला पडू नये अशी. आणि वरून भिंगरी सुटली होती. केस मोकळे, हात पसरलेले, तोंडावर आईचं हसू.

मी ओरडले, "थांबा!"

इतक्या वर्षांची सवय मोडली आणि जीव घाबरला तसा तोंडातून तोच शब्द गेला. झालं! पिवळ्या शर्टांनी एका सुरात हात वर केले, "थांबाऽऽ!" आणि उसळली की सगळी. त्यांना वाटलं, इशारा आला. भिंगरीला वाटलं, आपण मागे पडलो. तिनं पाय उचलला. कॅमेऱ्यामागे चिरंजीव आनंदानं मुठी आवळत होते. मी बोंबलत होते आणि माझाच शब्द माझ्यावर नाचत होता. तसा राग मला जन्मात आला नव्हता, आणि तशी भीतीसुद्धा.

"पाणी!" मी ओरडले. "पाणी! पाणी!"

आमची पोरं थांबली. जिथे होती तिथे, एकेका पायावर. बाहेरची पोरं त्यांच्यावर धडकली, दोघंतिघं ढुंगणावर आपटली. भिंगरी उडीच्या पायरीच्या कडेला, दोन्ही हातांनी कठडा आवळून उभी. गाणं एकटंच वाजत राहिलं. आणि चहूकडून सेटवरचे लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन माझ्याकडे धावत आले.

एकानं झाकण उघडून बाटली माझ्या हातात दिली. "मॅडम, बसा. ऊन लागलं का?"

चिरंजीव तोवर येऊन पोचले. मी तोंड उघडणार, तर ते माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "मॅडम! काय होतं ते! तो सन्नाटा! निम्मे गोठलेत, निम्मे पडलेत, आणि वर ती एकटी. अंगावर काटा आला. हे ठेवायचं आपण. थांबा ही जुनी पिढी, पाणी ही नवी पिढी. परत घेऊ. तुम्ही अगदी असंच ओरडा."

बापानं एक शब्द नेला होता. लेकाला दुसराही हवा होता.

"गादी कुठाय?" मी विचारलं.

"मॅडम, फ्रेममध्ये उंचवटा दिसतोय. दगड दगड वाटत नाही. आणि मी परवानगीशिवाय काही करत नाही. मी तिला विचारलं."

"मी हो म्हटलं!" भिंगरी वरून किंचाळली. रडत होती. "मीच हो म्हटलं, मावशी! सगळ्यांसमोर विचारलं त्यांनी, सगळे माझ्याकडे बघत होते, मी हो म्हटलं! आणि तू सगळ्यावर पाणी फिरवलंस!"

"फिरवलं!" मी ओरडले. "परत फिरवीन! वडलांची गादी चालवायला निघालेत आणि पोरीच्या खालची गादी काढून घेतात! तोंड वर करून सांगतात, विचारलं म्हणून!"

लोक हसले. खरंच हसले काही जण. बाईंचा स्वभावच तसा.

तेव्हा ताई खुर्चीतून उठली. काठी टेकत ती जिन्यापाशी आली आणि एकेक पायरी चढायला लागली. चांगला पाय वर, मग दुसरा त्याच्या शेजारी. त्या अपघातानंतर तिनं तो जिना कधी चढला नव्हता. शाळेत आली की मागच्या उताराच्या वाटेनं यायची. मधल्या पायरीवर पोचली, वळली आणि कठड्याला धरून दगडावर बसली. पाय समोर लांब.

"मलाही विचारलं होतं," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण गाणं कुणीतरी बंद केलं होतं.

"तुझ्या वडलांनी, बाळा. अशाच सगळ्यांसमोर. म्हणाले, आधी छान झालं, पण या वेळी दोन पायऱ्या जास्त उडशील का? कॅमेऱ्यात सुंदर दिसेल. मला येत नव्हतं ते. मी हो म्हटलं."

मला हे माहीत नव्हतं. एका घरात, एका ताटात जेवून, मला हे माहीत नव्हतं.

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुझा आवाज मी ऐकला होता. आठवत नाही म्हणते, पण ऐकला होता. थांबा. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, झालं, आता सगळे थांबतील. मग ते नाचायला लागले." तिनं लांब ठेवलेल्या पायावरून हात फिरवला. "मला वाटलं, माझंच चुकलं असेल. म्हणून हसले."

माझ्या हातातली बाटली कुठे पडली ते मला आठवत नाही. मी रडत होते, आणि रडतानासुद्धा मला रागच येत होता. तिचा, माझा, त्या मेलेल्या माणसाचा.

चिरंजीव खाकरले. चेहऱ्यावर दुःख आणलं. "काकू, खूप हृदयस्पर्शी आहे हे. पण आपला प्रकाश जातोय. आपण जरा बाजूला..."

"मी उठणार नाही," ताई म्हणाली. "मला उचलायचं तर उचल. त्या वेळी कुणी उचललं नव्हतं."

एकही माणूस पुढे आला नाही. भिंगरी कठडा सोडून खाली आली. आईच्या शेजारी दगडावर बसली, नाक पुसलं, डोक्यावरून तो पिवळा शर्ट ओढून काढला आणि पायरीवर टाकला. आत तिचा रोजचा सरावाचा काळा बनियन होता. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही, तिचं स्वप्न होतं ते आणि मी मोडलं होतं. पण तिनं आईच्या काखेत खांदा घातला आणि म्हणाली, "चल आई. हळू."

त्या दोघी उतरायला लागल्या. मी दुसरा हात धरला. आमच्यामागून माझ्या वर्गातली एक मुलगी शर्ट काढून निघाली, मग दुसरी, मग सगळीच. मी कुणाला चला म्हटलं नव्हतं.

चिरंजीवांना कळायला वेळ लागला. आम्ही फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. घाबरलेला, फाटलेला, खराखुरा.

"अहो, थांबा! थांबा!"

जिन्यावर उरलेल्या पिवळ्या शर्टांनी झटकन हात वर केले. "थांबाऽऽ!" आणि उसळून नाचायला लागले.

ताईनं मागे वळून पाहिलं. हात वर केला नाही, हसली नाही. मग आम्ही फाटकाबाहेर पडलो.